बिननावाची घागर

१

माझा धंदा भोंग्याचा. दुकानावर ‘अभिमन साउंड सर्व्हिस’ अशी लाल अक्षरातली पाटी होती आणि खाली बारीक अक्षरात लग्न, सप्ताह, प्रचार, हरवले-सापडले. पांझरेकाठी, साक्री आणि धुळ्याच्या मधे आमचं गाव. तिथून मी जीपवर भोंगे बांधून पार शिंदखेड्याच्या बाजारापर्यंत ओरडत जायचो. गाव म्हणायचं, अभिमन झोपेतसुद्धा जाहिरात करतो. म्हणू द्या. तोंडाचंच खाल्लं मी, त्यात लाज कसली?

घरात मात्र माझ्यापेक्षा मोठा आवाज बायकोचा होता. शेवंता तिचं नाव. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती झोक्यावर बसून गाणं धरायची तेव्हा पाटापलीकडच्या फडात पाणी भरणारी माणसं फावडं थांबवून ऐकायची. भोंगा लावायची गरज नसायची. शहाऐंशी साली तिच्या घशात गाठ निघाली. मुंबईला नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज तिथंच ठेवून यावा लागला. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं आणि श्वासाची बारीक शीळ, असं माणूस घेऊन मी घरी आलो. जिवंत आहे ना, असं म्हणत राहिलो.

मूलबाळ आम्हाला झालं नाही. होईल म्हणून मधलं घर मी ऐसपैस बांधलं होतं, शहाबादी फरशी, चुन्याच्या भिंती. पुढं दुकान, मागं चूल आणि मधे ही मोठी खोली, तिच्या एका कोपऱ्यात पाण्याची जागा. तिथं एक पितळी लोटा असायचा. शेवंतानं बोटातल्या अंगठीनं तो एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. हातवारे करायला तिला आवडायचं नाही. संध्याकाळी जेवताना मी दिवसभराचं सगळं तिला सांगायचो आणि ती अधूनमधून लोटा वाजवायची. आमचं बोलणं ते एवढं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खोली रिकामी आहे की भरलेली, हे माइकवाल्याला डोळे मिटून कळतं. रिकाम्या हॉलमध्ये ‘हॅलो’ म्हटलं की आवाज भिंतीवर आपटून परत येतो. माणसं येऊन बसली की तो परत येत नाही. माणसांच्या अंगावरचे कपडे आवाज पितात. आमचं मधलं घर नेहमी आवाज परत द्यायचं.

२

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात एक फ्रेंच माणूस गावात आला. रेमी त्याचं नाव. जुने बंधारे आणि पाट बघत तो देशोदेशी हिंडत होता. आमच्या फडाचं, म्हणजे पाटाखालच्या सामाईक शेतीचं, पाणी कसं वाटतात ते त्याला समजून घ्यायचं होतं. बरोबर धुळ्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक होते, ते त्याचं इंग्रजी आम्हाला मराठीत सांगत. बंधाऱ्याची वाट आमच्या घरावरूनच जाते. दुपारच्या उन्हात बिचारा टोमॅटोसारखा लाल झालेला, म्हणून मी त्याला आत बोलावलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पिशवीतून फोटो काढून दाखवले. त्याच्या गावाजवळ एक मोठा मठ आहे म्हणाला. आठ-नऊशे वर्षांपूर्वी सिस्टर्सियन नावाच्या पंथाचे साधू तिथं आले. अंगात बिनरंगाची लोकरी वस्त्रं, लग्न नाही, स्वतःच्या हातानं शेती करायची. त्यांनी नदी वळवून पाट काढला, तो स्वयंपाकघराच्या खालून नेला, त्यावर गिरणी चालवली, मासे पाळले. पुढं राजाचं राज्य उलटलं आणि साधूंना हाकलून दिलं. आता वर छप्पर नाही, नुसत्या कमानी उभ्या आहेत, लोक तिकीट काढून बघतात. पण पाट अजून वाहतो.

आणि ते साधू बोलत नसत, असंही तो म्हणाला. मुके नव्हते, नेमच होता तसा. जेवतानाही कोणी शब्द काढायचा नाही. काही हवं असलं तर बोटांनी सांगायचं.

शेवंता ताक घेऊन आली होती ती तिथंच उंबऱ्याशी बसली. आवाज गेल्यापासून पाहुण्यांसमोर ती कधी बसली नव्हती. फोटो तिनं मांडीवर घेतले आणि एकेक करून कितीतरी वेळ बघितले. मग पाण्याच्या जागेकडे बोट दाखवलं, फोटोवर बोट ठेवलं आणि तळहात उताणे केले. मला कळलं. मी प्राध्यापकांना म्हटलं, ती विचारतेय की ह्यांना पाणी कोण देतं.

रेमीला काही समजेना. मग मी त्याला आखाजी समजावून सांगितली. आमच्याकडे आखाजीला वाडवडलांच्या नावानं नवी घागर भरतात, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, शेजारी गोड सांजोरी. ऐन उन्हाळ्यात त्यांना तहान लागते ना. मुलगा घागर भरतो आणि नाव घेऊन बोलावतो.

रेमीनं फोटो गोळा करायला घेतले. मग म्हणाला, त्यांना मुलं नव्हती. कोणी देत नाही. सरकार गवत काढतं.

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. ती काय विचारत होती ते मला माहीत होतं, तेव्हा मी उठून पंखा जोरात केला.

३

आखाजीला मी कुंभाराकडून आईची आणि वडलांची अशा दोन घागरी आणायचो. त्या वर्षी शेवंतानं आणखी एक मागितली. झुलाल कुंभारानं विचारलं, घरात कोणी गेलं का? मी म्हटलं, गेले म्हणजे, लांबचे आहेत.

सकाळी तिनं तिन्ही घागरी मांडल्या. तिसरीवर खरबूज ठेवताना पदरानं ते पुसून घेतलं. आई-वडलांची नावं मी घेतली. तिसरीपाशी अडलो. नावं कुठं माहीत होती? आणि किती होते, दहा की हजार, तेही माहीत नव्हतं. शेवंता हात जोडून वाट बघत होती, अगदी गंभीर. मला तिची गंमत करायची लहर आली. मी हाताची मूठ माइकसारखी तोंडाशी धरली आणि बाजारात देतो तशी खणखणीत आरोळी दिली, ज्यांचं कोणी नाही त्या सगळ्यांना:

“ज्यासनं कोनी नही, त्या बठ्ठा या!”

ती हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून आणखी एकदा ओरडलो.

संध्याकाळी तिसऱ्या घागरीतलं पाणी चांगलं वीतभर उतरलं होतं. नवी घागर पाझरते, त्यात नवल नाही. पण खालची फरशी कोरडी होती. ऊन किती आहे, सुकली असेल, असं म्हणून मी दुकानात गेलो.

४

नंतर एका सकाळी नवा माइक आला. तो खोक्यातून काढायच्या आधी, नुसती सवय म्हणून, मी मधल्या घरात ‘हॅलो’ म्हटलं.

आवाज परत आला नाही.

पुन्हा म्हटलं. तोंडातून निघाला आणि समोर कुठंतरी मऊ जागेत बुडाला. मी वर बघितलं, भिंती बघितल्या. गोधड्या वाळत घातल्यात का, कापसाची पोती कोणी आणून ठेवली का? काही नव्हतं. रिकामी फरशी, उघड्या भिंती, कोपऱ्यात पाण्याची जागा आणि तिच्यासमोर पाट टाकून बसलेली शेवंता. कानाला दडा बसला असेल, असं मनाशी म्हटलं. धुळ्याला जाऊन डॉक्टरांकडून कान धुऊन आणले. बाजारात, देवळात, शाळेच्या हॉलमध्ये सगळीकडे आवाज नीट परत येत होता. आमच्या मधल्या घरात येत नव्हता.

तिचे हात बदलले ते त्याच दिवसांत. जिला हातवारे करायची लाज वाटायची, ती आता दोन्ही हातांची बोटं जोडून गोल करून दाखवायची, म्हणजे भाकर. ते कोणालाही सुचेल. मासा म्हणजे तळहात आडवा धरून शेपटीसारखा हलवायचा, तेही समजू शकतं. पण दूध हवं का, हे विचारताना तिनं करंगळी ओठाला लावली. आमच्याकडे कोणीही दूध सांगायचं तर धार काढून दाखवेल. हे कुठून आणलंस, असं मी विचारलं. तिनं नुसतं पाण्याच्या जागेकडे बघितलं आणि लाजली.

मग शेजारची भिकुबाई एकदा ओट्यावर आली. म्हातारी, डोळ्यांत फूल पडलेलं, पण जीभ शाबूत. दुपारी ताक मागायला आत डोकावली होती म्हणे.

“अभिमनभाऊ,” ती म्हणाली, “इतला पाव्हना शेतस, आनि एकबी बोलत नही. कोन शेतस त्या?”

घरात पाहुणे कुठले, म्हातारीला धड दिसत नाही, हे मी स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी दुकानाचं मधलं दार मी लावून घेतलं आणि पलीकडे शेवंताचे हात हलताना बांगड्यांचा आवाज येत होता तो ऐकत बसलो. ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. थांबायची म्हणजे ऐकत असणार. मधेच श्वासाची शीळ भराभर यायची, म्हणजे हसत होती. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

५

हिवाळ्यात रेमी परत आला, पाटाची मोजमापं घ्यायला. शेवंतानं त्याच्यासाठी चहा आणला आणि आणखी दूध घालू का, हे करंगळी ओठाला लावून विचारलं. त्याचा कप तसाच हातात राहिला. तो प्राध्यापकांशी हळू आवाजात काहीतरी बोलला.

प्राध्यापक मला म्हणाले, “ते विचारताहेत, वहिनींना हे कोणी शिकवलं?”

मठातल्या खुणांच्या जुन्या याद्या त्यानं वाचल्या होत्या. त्यांत दूध असंच सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, योगायोग असेल. त्यानं तिला आणखी खुणा दाखवायला सांगितल्या. ती उत्साहानं भराभर दाखवत गेली, काही त्याला ओळखू आल्या, काही नाही. शेवटी तिनं डाव्या मुठीवर उजवी मूठ ठेवली आणि आम्हा दोघांकडे बघितलं. रेमी म्हणाला, ही कुठल्याच यादीत नाही.

मला मात्र ती लगेच कळली. खाली घागर, वर लहान मडकं. ज्या गोष्टीला त्या साधूंच्या बोटांत शब्दच नव्हता, तो तिनं त्यांना करून दिला होता. रेमी त्या दिवशी मधल्या घरातून बाहेर पडताना दारात वळला आणि रिकाम्या खोलीकडे तोंड करून मान लववून उभा राहिला. 

६

एकोणनव्वद उजाडता उजाडता तिची गाठ परत आली. डॉक्टरांनी आता पुन्हा कापण्यात अर्थ नाही असं सांगितलं. ती वाळत चालली आणि खोली मात्र भरतच चालली. मधल्या घरात मी कुजबुजलो तरी शब्द ओठाबाहेर पडल्या पडल्या संपायचा. फरशीवरून चालताना मी नकळत अंग चोरून चालायला लागलो. आणि मग माझ्या डोक्यानं घेतलं की ते तिला न्यायलाच बसलेत.

म्हणून त्या आखाजीला मी घागरी दोनच आणल्या. शेवंतानं तिसरीची जागा सारवून ठेवली होती. मी म्हटलं, यंदा नाही, खूप झालं. तिनं लोटा दोनदा वाजवला. मी ऐकलं नाही. आई-वडलांची नावं घेतली तेव्हा दोन्ही नावं भिंतीवरून ठणठणीत परत आली. खोली रिकामी झाली होती.

मला बरं वाटायला हवं होतं. पण शेवंता पाटावर तशीच बसून राहिली. हात मांडीवर, उताणे. बाहेर पोरी झोक्यावर गात होत्या, तिची जुनी गाणी. ती ऐकत होती आणि बोटं जराही हलत नव्हती. मी बोललो, विनोद केले, बाजारातल्या गमती सांगितल्या. माझाच आवाज त्या मोठ्या खोलीत फिरून मला ऐकू येत होता. मुंबईहून आल्यापासून ती रोज असं ऐकत बसली होती, एकटी, आणि मी आपला सांगत राहिलो होतो. 

उन्हातून झुलालच्या घरी गेलो. एकच घागर उरली होती, कड उडालेली. ती आणली, भरली, सारवलेल्या जागेवर ठेवली आणि हात जोडून साध्या आवाजात म्हटलं, ज्यांचं कोणी नाही ते सगळे या, माझी चूक झाली.

शेवटचा शब्द परत आला नाही. शेवंतानं मान वर केली आणि तिचे हात हलायला लागले.

७

ती नव्वदच्या माघात गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं मुठीवर मूठ ठेवून स्वतःकडे बोट केलं. मी म्हटलं, भरीन, मी आहे तोवर दरवर्षी भरीन. लोटा एकदा वाजला. मग तिनं पुन्हा मुठीवर मूठ ठेवली आणि बोट माझ्याकडे केलं. तुझी कोण भरेल? मी तिच्या उशाशी बसून बॅटरी चार्जिंगला लावायचीय असं काहीतरी बडबडलो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा जीव माझ्यात अडकला होता, दुसरं काय.

ती गेली त्या दिवसापासून खोली आवाज परत द्यायला लागली. मी रोज सकाळी ‘हॅलो’ म्हणायचो आणि रोज ते परत यायचं. ते कधी खरंच होते का, हेच आता कळेना, म्हणून ते तिला घेऊन गेले असतील असं म्हणायलाही आधार नव्हता. ती कुठंच नसली तर, ही भीती मला त्या साधूंपेक्षा मोठी वाटायला लागली. धंदा बसला. जेवणाचं तर विचारूच नका, भिकुबाई भाकरी ठेवून जायची आणि ती टोपलीतच वाळायची.

आखाजीला मी चार घागरी आणल्या. भर दुपार होती, दारं लावलेली, मधल्या घरात अंधार आणि धाब्याच्या छतातल्या झरोक्यातून उन्हाचा एकच पट्टा पाण्याच्या जागेवर पडलेला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आई-वडलांची नावं घेतली, परत आली. ज्यांचं कोणी नाही त्यांना बोलावलं, तेही परत आलं. मग तिची घागर. तिच्यावर खरबूज ठेवलं, पदर नव्हता म्हणून धोतरानं पुसलं. आयुष्यभर लोकांची नावं भोंग्यावरून घेतली मी, पण हे एक नाव घशातून निघेना. शेवटी निघालं, अगदी हळू.

“शेवंता.”

नाव परत आलं नाही.

 खोलीनं ते पिऊन टाकलं होतं. पलीकडे कपड्यांची मऊ सळसळ झाली, देवळात माणसं दाटीवाटीनं बसतात तेव्हा होते तशी. बघायचं धाडस नव्हतं आणि न बघता राहवत नव्हतं. मी नजर जमिनीवर ठेवून उन्हाच्या त्या पट्ट्यापुरतीच वर केली.

उन्हात नुसते हात होते. मनगटापर्यंत, जाड पांढऱ्या बाह्यांतले, कामानं राठ झालेले हात, एकामागे एक, पार अंधारात जाणारे. आणि प्रत्येकाच्या डाव्या मुठीवर उजवी मूठ होती. सगळ्यांची बोटं मग एकदमच माझ्याकडे वळली.

माझी घागर. ते भरणार होते.

मी फरशीवर बसलो. भीती होती, नाही कसं म्हणू? पण भीतीपेक्षा मोठा एक हुंदका वर आला. मी त्या अंधाराकडे तोंड करून विचारलं, “मग आत्ताच येऊ का गं?”

पाण्याच्या जागेजवळ लोटा वाजला. एकदा. मी उठायला हात टेकला, आणि तो पुन्हा एकदा वाजला.

दोनदा. नाही.

मग बाकीचे हात बाजूला झाले आणि उन्हाच्या पट्ट्यात दोनच हात पुढं आले, बारके, हिरव्या बांगड्यांचे, अंगठी सैल झालेले. त्यांनी बोटं जोडून गोल केला आणि तसाच धरून ठेवला, मी ऐकेपर्यंत खाली घेणार नाही अशा हट्टानं. जिवंतपणी ती अशीच उभी राहायची ताटासमोर.

मी उठून टोपलीतली भाकर आणली. पाण्याच्या जागेसमोर पाट टाकला आणि खाली मान घालून जेवलो. भाकर वाळली होती, घागरीतलं पाणी लावून लावून खाल्ली. सगळी संपेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, कारण तिथं जेवताना बोलत नाहीत.